फादो ऐकून नगरकर काय शिकला

नगरहून गोव्याला गेलो की एक संध्याकाळ गोव्याच्या गायिका सोनिया शिरसाट यांच्या फादोसाठी, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांसाठी, राखून ठेवतो. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यावर गोव्यातून पोर्तुगीज भाषा ओसरत गेली, तिच्याबरोबर हे गाणंही मोजक्या घरांपुरतं उरलं. सोनियाबाईंनी ते परत लोकांत आणलं आणि २००८ मध्ये थेट पोर्तुगालमध्ये स्वतंत्र मैफल केली. त्यांचं गाणं ऐकून पदरात पडलेल्या या काही गोष्टी.

१. खोली लहान हवी. पणजीतलं 'मादरागोवा' हे फादोचं आणि मांडो या गोव्याच्या कोकणी गाण्याचं घर तसंच आहे. गाणारीचा श्वास ऐकू येतो. लिस्बनच्या जुन्या फादोघरांत दिवे मंद करतात, वाढपी थांबतात, माइक नसतो. त्या शांततेत कुजबुजीइतका सूरही शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो.

२. भाषा येत नसली तरी अडत नाही, पण गाणं कशाबद्दल आहे ते कुणीतरी सांगावं लागतं. सोनियाबाई ते आपुलकीनं सांगतात. मग समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणं दुष्काळी भागातल्या मलाही कळतं.

३. चाल जुनी, गाणं नवं. 'मेनोर', 'कोरिदो', 'मोरारिया' या पारंपरिक चालींवर वेगवेगळ्या कविता गातात. कुठे थांबायचं, कोणता शब्द लांबवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पोर्तुगालची विख्यात गायिका आमाल्या रॉद्रिगिश हिची हुबेहूब नक्कल करून कुणी फादो गायिका होत नाही.

४. बारा तारांची पोर्तुगीज गिटार गाण्यामागे नुसती चालत नाही, ती उत्तर देते. ओर्लांदो द नोरोन्या यांची गिटार ऐकावी.

५. हे सगळं आपल्याकडेही आहे, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. फादोची पहिली नामांकित गायिका मारिया सेवेरा लिस्बनच्या बदनाम गल्लीतली. १८४६ मध्ये ऐन तारुण्यात गेली. तिचं गाणं २०११ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत पोहोचलं. इकडे आपल्या जिल्ह्यात जामखेडला लावणी गाणाऱ्या संगीतबारीच्या बाया आजही कलाकेंद्रांत गातात. बैठकीची लावणी हेही चार भिंतींतलं, डोळ्याला डोळा भिडवून गायचं गाणं. बसल्या जागी एकाच ओळीचे दहा अर्थ अदेतून उलगडायचे. आपण तिला मैदानात नेलं, भोंगे लावले, शिट्ट्या मारल्या आणि वर तिलाच उथळ म्हणालो. हा अन्याय आहे.

नगरच्या रसिकांना माझी विनंती आहे. एखाद्या वाड्यातली किंवा वाचनालयातली खोली घ्या. पन्नास माणसं पुरे. ढोलकी, तबला, पेटी असू द्या. माइक नको, मोबाइल बंद. जामखेडच्या कलावंतांना सन्मानानं बोलवा आणि मानधन आधी ठरवून पूर्ण द्या.