साधनाचे वर्णन : एक नवे सूचनालेखन

सूचनालेखनाला आता एक नवा वाचक लाभला आहे. संगणकीय साधने स्वतः निवडून वापरणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली, म्हणजेच ‘एआय एजंट’, हा तो वाचक होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या प्रमाणपद्धतीत साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा आराखडा एजंटला दिला जातो.

रत्नागिरीच्या हापूस-विक्रीची नोंद ठेवणारे एक साधन कल्पून पाहा. ‘आंब्याची नोंद करते’ एवढेच वर्णन असेल, तर ‘संख्या १०’ म्हणजे दहा पेट्या की दहा डझन? फळाच्या आकारानुसार पेटीतील डझनही बदलतात. अनुभवी दिवाणजी शंका आल्यास विचारून घेतो. एजंट मात्र अंदाजाने नोंद करून मोकळा होण्याचा संभव असतो. नुकसान बागायतदाराचे होते.

म्हणून वर्णन असे असावे : ‘विकलेल्या पेट्यांची नोंद करते. संख्या पेट्यांत द्यावी. प्रत्येक पेटीतील डझन स्वतंत्र लिहावेत. ते ठाऊक नसल्यास नोंद न करता बागायतदारास विचारावे. बाजारभाव पाहण्यासाठी हे साधन वापरू नये.’

येथे कार्य, एकक, अडचणीतील कृती आणि मर्यादा या चारही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत.

स्वाध्याय : ग्रंथालयातील पुस्तक-देवघेवीच्या साधनाचे असेच वर्णन चार वाक्यांत लिहा.