अनुवंशशास्त्राचे शिक्षण : महाविद्यालय कसे निवडावे?

पेरणीपूर्वी कोणता वाण घ्यावा याची शेतकरी बंधू चार ठिकाणी चौकशी करतात. मुलाचे किंवा मुलीचे महाविद्यालय निवडताना मात्र गावाजवळचे कोणते किंवा मित्र कोठे गेला, एवढेच पुष्कळदा पाहिले जाते. बारावी विज्ञाननंतर ज्यांना बियाणे, संकर व नवे वाण यांच्या शास्त्रात पुढे जायचे आहे, त्यांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) प्रथम पदवी ठरवावी

आपल्या कृषि विद्यापीठांत पदवीला अनुवंशशास्त्राची स्वतंत्र शाखा नाही. हा विषय बी.एस्सी. (कृषि) या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कृषि वनस्पतिशास्त्र विभागामार्फत शिकविला जातो. अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास हा खास विषय एम.एस्सी. (कृषि) साठी घेता येतो आणि त्यास साधारणतः कृषि पदवीच लागते. प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धन व जनुकांचे काम आवडत असल्यास जैवतंत्रज्ञानाची पदवी आहे. परभणी विद्यापीठाचे असे महाविद्यालय लातूर येथे आहे. विज्ञान महाविद्यालयातील बी.एस्सी. ही तिसरी वाट. परंतु त्या पदवीवर कृषि पदव्युत्तर प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये. वाट चुकल्यास तीन-चार वर्षांनंतर मागे फिरणे अवघड होते. म्हणून पुढील प्रवेशाची व नोकरीची पात्रता आधीच वाचावी.

२) पीक पाहून विद्यापीठ पाहावे

राज्यात चार कृषि विद्यापीठे आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (दोन्ही १९७२). प्रत्येकाच्या संशोधनाची पिके निराळी. राहुरीकडे पाडेगावचा ऊस व मोहोळची रब्बी ज्वारी; अकोल्यास कापूस; परभणीकडे नांदेडचा कापूस व बदनापूरची तूर; दापोलीकडे कर्जतचा भात, वेंगुर्ल्याचा आंबा व काजू. ज्या पिकात गोडी आहे त्याचे पैदास काम जेथे चालते, तेथे शिकण्याचा लाभ मोठा.

एक उदाहरण पाहा. नीलम व हापूस यांच्या संकरातून दापोली विद्यापीठाने १९८१ मध्ये साका नसणारा 'रत्ना' आंबा दिला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये पातळ कोयीचा 'सिंधू' दिला. दोन वाणांत अकरा वर्षांचे अंतर. असे काम वर्गात फळ्यावर समजत नाही. त्यासाठी जुनी झाडे, जमीन व सातत्य लागते.

३) घटक की संलग्न?

एकाच विद्यापीठाची पदवी घटक महाविद्यालयातही मिळते व संलग्न खासगी महाविद्यालयातही. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव तेच; पण प्रक्षेत्र, प्रयोगशाळा, अध्यापकांची संख्या व शुल्क यांत फरक असतो. म्हणून विकल्प भरण्यापूर्वी एकदा तरी प्रत्यक्ष भेट द्यावी आणि विचारावे :

• भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय?
• पैदासशास्त्राचे पूर्णवेळ अध्यापक किती? ते कोणत्या पिकावर काम करतात?
• महाविद्यालयाचे स्वतःचे प्रक्षेत्र किती व ओलिताखाली किती?
• विद्यार्थी स्वतःच्या हाताने संकर करतात काय?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कपाशीच्या बीजोत्पादनात सायंकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग लावतात, हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. जो विद्यार्थी हे न करता पदवी घेईल, त्याचे अनुवंशशास्त्र पुस्तकातच राहील. तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. खरे चित्र त्यांच्याकडूनच कळते.

४) प्रवेश व खर्च

राज्यातील प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर केंद्रीभूत पद्धतीने होतात. माहितीपुस्तिका त्या वर्षाचीच घ्यावी. सातबारा, जातीचा दाखला, अधिवास ही कागदपत्रे उन्हाळ्यातच काढून ठेवावीत. शुल्काबरोबर वसतिगृह, खानावळ व ग्रामीण कृषि कार्यानुभवाचा खर्च धरून चार वर्षांचा हिशोब मांडावा. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थास पैसे देऊ नयेत.

वाण निवडताना आपण पिशवीवरील चित्रावर न जाता शेतातील पीक पाहतो. महाविद्यालय निवडतानाही इमारतीपेक्षा प्रक्षेत्र पाहावे, म्हणजे चार वर्षे व घरचा पैसा सत्कारणी लागेल.