हातचा राहतो कुठं?

अगं, रडतेस काय अशी! तिसरीतलं पोरगं आहे ते. "मुद्दाम करतो, ऐकतच नाही" म्हणत बसलीस तर दोघंही दमाल. परवा उचगावला तुझ्याकडं आले तेव्हा बघितलंच की मी. "दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा मोरीत टाक आणि आजीला गोळी दे," सगळं एका दमात सांगितलंस. पोरगं हातपाय धुऊन मोरीच्या दारात उभं, पुढचं काही आठवेना. आणि तेच पोरगं पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचमध्ये गोल कुणी मारला, पास कुणी दिला, सगळं घडाघडा सांगत होतं!

म्हणजे साठवण चांगली आहे. कमी पडते ती काम करता करता डोक्यात धरून ठेवायची जागा. कार्यकारी स्मृती म्हणतात तिला. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची नीट मांडणी केली. मोठ्या माणसाच्याही तिथं एका वेळी तीन-चारच गोष्टी मावतात. पोळपाट लहान असला तर पोळी लहान लाटायची, पोळपाटाला कशाला बडवायचं?

गणितात बघ. तू "पंचेचाळीस" म्हणालीस, त्यानं ५४ लिहिले. आपल्याकडं पाच आधी ऐकू येतात, चाळीस मागून. ते पाच धरून ठेवायचे आणि चार आधी लिहायचा, यातच तो दमतो. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढी चेष्टा झाली! मला विचारशील तर अशा पोरांसाठी ते बरंच होतं. बेरीज त्याला येते गं, हातचा निसटतो. तो वर लाल पेन्सिलीनं ठळक लिहू दे. वही घाण दिसली तर दिसू दे. पाढ्यांचा तक्ता समोर असू दे. काम एका वेळी एकच सांग आणि काय सांगितलं ते त्याच्याकडून वदवून घे.

आणि स्मरणशक्ती वाढवून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे घालू नकोस. तिथल्या खेळात पोरं तरबेज होतात, शाळेतलं गणित आहे तिथंच राहतं.

विसरतो म्हणजे अध्ययन अक्षमताच आहे असं नाही हं. आधी कान-डोळे तपास, मग सीपीआर हॉस्पिटलमध्ये चौकशी कर. निघालीच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. प्रमाणपत्र असलं की परीक्षेला तासामागं २० मिनिटं जादा मिळतात. नवरा 'शिक्का बसेल' म्हणतोय ना? 'ढ' हा शिक्का तर आत्ताच बसलाय म्हणावं.

सासूबाई त्याच्या तोंडावर "ह्याचं डोस्कंच चालत नाही" म्हणतात, त्यांच्याशी रविवारी मी बोलते. तू मधी पडू नकोस, चहा टाक फक्त.