जात्यावरची ओवी : काळोखाची प्रतिमा आणि जाचक प्रेम

सारोळे असो वा भोर-वेल्ह्याचा डोंगरी मुलूख, दळणाची ओवी पहाटेच्या काळोखात, घर निजलेले असताना गायिली जाई. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावांतून संकलित केलेल्या १ लाखाहून अधिक ओव्यांत सासुरवासाचा विषय ठळक आहे. तेथे पतीचा कुंकवाचा धनी म्हणून गौरव होतो आणि त्याच्याच घरातील जाच जात्याला सांगितला जातो.

सीतेचा वनवास ही या दुःखाची मध्यवर्ती प्रतिमा होय. तिच्या आश्रयाने, पतीचे नाव न घेता, पुरुषाच्या अन्यायावर बोट ठेवता येते. ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहातील काळोख एकाकी ‘मी’चा आहे, ओवीतील काळोख मात्र सामूहिक आहे, कारण एकीची ओवी दुसरी उचलते.

म्हणूनच कुंकवाच्या गौरवाला जाचाची संमती समजणे योग्य नव्हे. गौरव ही रूढीची भाषा आहे. वनवासाची प्रतिमा हा त्या भाषेच्या आडून नोंदविलेला निषेध आहे. अध्यापनात या दोन्ही प्रकारच्या ओव्या शेजारी ठेवूनच वाचणे इष्ट ठरेल.