ग्रिडवर जॉब सोडणाऱ्या भाचीला

अगं, घर शहाडला, नोकरी पुण्यात आयुकामध्ये, आणि तुझे जॉब चालणार ते संगणक कुठल्या कुठल्या गावी! शास्त्रज्ञांसाठी वर्कफ्लोचं टूल लिहायला घेतलंयस म्हणून मामाचं चार शब्द ऐक. हसायचं असेल तर शेवटी हस.

१. आधी दोन जॉब सोड, मग वीस, मग वीस हजार — दोनांत सापडलेली चूक तुझी असते, वीस हजारांत सापडलेली अख्ख्या क्लस्टरची.

२. जॉब अर्ध्यात मरणारच, हे धरून लिही. आउटपुट तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच खरं नाव दे — अर्धवट फाइल पुऱ्या नावाने पडून राहिली की पुढचा जॉब तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. काम पुरं, तर बारसं खरं!

३. एक्झिट कोड शून्य आला म्हणून पेढे वाटू नकोस. फाइल रिकामी तर नाही ना, चेकसम जुळतो का, हे टूलनेच बघावं — माणूस पहिल्या दिवशी बघतो, चौथ्या दिवशी नाही.

४. रीट्राय दे, पण मोजून, आणि दर खेपेला थांबायची वेळ वाढवत — नेटवर्क अडखळलं असेल तर दुसऱ्या खेपेला चालतं, स्क्रिप्टच चुकली असेल तर शंभराव्या खेपेलाही तेच. चुकीला खेपा पुरत नाहीत.

५. एचटीकॉन्डरचा डॅगमॅन अडला की रेस्क्यू डॅग लिहून ठेवतो, तो वापरायला शीक — झालेली कामं सोडून उरलेलीच पुन्हा सुटतात. सगळं पहिल्यापासून चालवणाऱ्याला रांगेतले बाकीचे काय म्हणतात, ते तुझ्या आईसमोर सांगत नाही.

६. बारीक बारीक जॉब एकेक सोडू नकोस, गठ्ठा बांध — नाहीतर रांगेत यंत्र मिळेपर्यंतच कामापेक्षा जास्त वेळ जातो. असे बारीक जॉब किती होतात, ते गुरुत्वीय लहरींच्या शोधात बघ. डेटाशी ताडायचे लहरींचे नमुने कसे निवडावेत यावर संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१मध्येच लिहिलं होतं. लायगो वेधशाळेच्या पहिल्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने डेटाशी ताडून पाहिले, आणि त्यातल्या पायसीबीसी या सॉफ्टवेअरच्या कामांचा पसारा पेगासस हे वर्कफ्लोचं टूल आणि एचटीकॉन्डर यांनी सांभाळला. गठ्ठे बांधायची सोय पेगाससमध्ये आयती आहे, पुन्हा लिहीत बसू नकोस.

७. वेळ लिहायची ती यूटीसीत किंवा जीपीएस सेकंदांत. १४ सप्टेंबर २०१५ला लायगोला ती पहिली लहर मिळाली तेव्हा यूटीसीनुसार सकाळचे ९.५० झाले होते, आपल्याकडे दुपारचे ३.२० — एकाच लॉगमध्ये दोन्ही घड्याळं घुसली की साडेपाच तास हवेत विरल्यासारखे दिसतात. २०१७पासून जीपीएस यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. ती बेरीज-वजाबाकी लायब्ररीला करू दे, तू बोटं मोजू नकोस.

८. प्रॉक्सीची मुदत बघूनच लांबचं काम सोड — ग्रिडची जुनी प्रॉक्सी काही न सांगता काढली तर १२ तासांची निघते, म्हणजे शुक्रवारी रात्री सोडलेलं काम शनिवारी सकाळी आडवं. आता टोकन आले, पण मुदत त्यांनाही आहेच.

९. स्वतःच्या होम डिरेक्टरीचा पाथ स्क्रिप्टमध्ये कोरू नकोस — दुसऱ्या गावच्या यंत्राला तुझं घर ठाऊक नसतं. सी-डॅकच्या गरुडा ग्रिडमध्ये पहिल्या टप्प्यातच १७ शहरांतल्या ४५ संस्था होत्या. सगळीकडे तेच लिनक्स, तोच कंपायलर असेल असं धरणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. तुमच्या नशिबाने आता कंटेनर आहेत, पण त्यातही आवृत्तीचा नंबर लिही, ‘लेटेस्ट’ नको — आजचं लेटेस्ट उद्याचं नसतं.

१०. लॉग लिहिताना तुझ्या आजोबांची आठवण ठेव. सेंच्युरी रेयॉनमध्ये शिफ्ट बदलताना ते वहीत लिहून ठेवायचे: कुठलं यंत्र बंद, कधीपासून, काय करून पाहिलं. तुझा लॉगही तसाच हवा, कुठली पायरी, कुठली फाइल, कुठली साइट — रात्री दोनला तो वाचणारा माणूस तू नसशील, आणि असलीस तरी झोपेत असशील.

११. शास्त्रज्ञाच्या शेजारी बसून तिचं काम एकदा हाताने करून बघ, मग टूल लिही — तिला तुझा डॅग नकोय, आलेख हवाय.

१२. कसारा लोकलमध्ये दांडीला लटकून मोबाइलवरून जॉब सोडायचा नाही. आणि लॉगिन नोडवर लांबलेलं काम टीमक्सच्या आत ठेव — कनेक्शन तुटलं तरी ते चालू राहतं.

१३. रीडमी आजच्या आज लिही. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्राने २०२३मध्ये मंजुरी दिली. तिचा डेटा येईल तेव्हा तुझं टूल चालवणारी पोरं आज शाळेत आहेत — त्यांना तुझा फोन नंबर देऊन भागणार नाही.