नागासाकी : बॉम्बच्या आधीचं आणि नंतरचं शहर



मुलांना 'नागासाकी' म्हटलं की काय आठवतं, एकदा विचारून पाहा. 'अणुबॉम्ब' हे उत्तर लगेच येईल. पण "त्याआधी तिथे काय होतं?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तर मलाच विचारलं, "बाई, आता तिथे कुणी राहतं का?" चूक तिची नव्हती. आम्ही बॉम्ब शिकवला होता, शहर शिकवायचं राहून गेलं होतं.

म्हणून आता हा पाठ मी सहलीसारखा घेते. फळ्यावर नकाशा लावायचा आणि मुलांना एकेका ठिकाणी न्यायचं.

पहिला थांबा : पाव

सुरुवात खाऊने करा. वर्गात पाव दाखवा. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. जपानी भाषेत पावाला 'पान' म्हणतात आणि तोही शब्द पोर्तुगीजच! मुलं हसतात आणि लगेच विचारतात, "असं कसं?" इथेच धडा सुरू होतो. १५७१ मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी खुलं केलं. त्यांची जहाजं गोव्याहून निघून मलाक्का, मकाऊ करत इथे पोहोचत. नकाशावर मुलांना बोटाने ही वाट काढू द्या. तिथला प्रसिद्ध 'कासुतेरा' केकही याच पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला.

दुसरा थांबा : निशिझाका टेकडी

रेल्वे स्टेशनपासून ही टेकडी अगदी जवळ आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी राज्यकर्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमावरून इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं गेलं. त्यांत बहुतेक जपानी होते, लहान मुलंही होती. आणि त्यांत एक होता आपल्या वसईचा, गोन्सालो गार्सिया. त्याला जपानी उत्तम येत असे, त्यामुळे तो दुभाष्याचं काम करी. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. टेकडीवर आज २६ जणांचे ब्राँझचे पुतळे ओळीने उभे आहेत. वसई ते नागासाकी हे नातं कळलं की मुलांना ते शहर परकं वाटत नाही.

तिसरा थांबा : देजिमा

पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. परदेशी लोक तर नकोत, पण व्यापार हवा, अशी अडचण! मग समुद्रात भर घालून पंख्याच्या आकाराचं एक छोटं बेट बांधलं, ते देजिमा. ते १६३६ मध्ये पूर्ण झालं. पोर्तुगीजांना हाकलल्यावर १६४१ पासून इथे डच व्यापारी राहू लागले. परवानगीशिवाय त्यांना पूल ओलांडता येत नसे. दोनशेहून अधिक वर्षं जपानचा युरोपशी व्यापार मुख्यतः याच एका दारातून चालला. त्याच दारातून वैद्यकाची, विज्ञानाची पुस्तकंही आत आली. आज आजूबाजूला भराव पडल्याने देजिमा बेट राहिलेलं नाही, पण तिथल्या जुन्या इमारती पुन्हा उभ्या केल्या आहेत.

चौथा थांबा : चिनी वस्ती

चिनी व्यापारीही इथे होतेच. त्यांनी मंदिरं बांधली. १६३४ चा दगडी 'चष्मा पूल' एका चिनी भिक्षूने बांधला. दोन कमानी आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळून चष्मा दिसतो. मुलांना चित्र काढायला हा पूल फार आवडतो. भाज्या, मासे, नूडल्स एकत्र घातलेलं 'चानपोन' हे इथलं आवडतं जेवण चिनी खानावळीतूनच आलं.

पाचवा थांबा : ओउरा आणि उराकामी

बंदीच्या काळात लोकांना ख्रिस्ती चित्रावर पाय ठेवून दाखवावं लागे. तरी काही कुटुंबांनी अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपली. १८६५ मध्ये ओउरा इथे नवं चर्च उभं राहिलं, तेव्हा उराकामी गावचे काही लोक आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूंना त्यांनी हळूच आपली ओळख सांगितली.

आता मुलांना सांगा : ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला, तो याच उराकामीवर. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसं गेली. उराकामीचं मोठं चर्च कोसळलं. ढिगाऱ्यातून एक घंटा शाबूत निघाली आणि त्याच वर्षीच्या नाताळला ती वाजवली गेली.

या ठिकाणी माझा वर्ग शांत होतो. पण ही शांतता पहिल्यापेक्षा वेगळी असते. आता मुलांना ठाऊक असतं की तिथे कोण राहत होतं. शेवटी सांगायला विसरू नका, की नागासाकी आजही गजबजलेलं शहर आहे, तिथे ट्राम धावते आणि चिनी नववर्षाला रस्तोरस्ती कंदील लागतात.

घरी करून पाहा

१. आपल्या स्वयंपाकघरातल्या कोणत्या वस्तू किंवा शब्द बाहेरून आले? आजी-आजोबांना विचारून यादी करा.
२. देजिमावर राहणाऱ्या मुलाला पुलापलीकडे काय पाहावंसं वाटलं असेल? आठ ओळी लिहा.
३. आपल्या गावात बाहेरून येऊन कोण कोण राहिलं? त्यांनी गावाला काय दिलं?

तिसऱ्या प्रश्नावर घरात जरूर बोला. नागासाकीच्या सहलीहून मुलं परत आपल्या गावात येतात, ती याच प्रश्नाने.