आवाज बसला, पण दुखणे गळ्यातच आहे का?

लग्नसराईत, यात्रेच्या दिवसांत आवाज बसलेले रुग्ण माझ्याकडे हमखास येतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि चार दिवस गप्प बसणे (हेच सर्वांत अवघड!), एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मात्र तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, तर मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्यायला सांगतो.

या तपासणीत कधी कधी गळा स्वच्छ दिसतो; सूज नाही, गाठ नाही, पण डावा स्वरतंतू हलत नाही. मग कारण छातीत शोधावे लागते. छातीत का? डाव्या स्वरतंतूला हलवणारा मज्जातंतू मानेतून आधी छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतो. उजव्या बाजूचा मज्जातंतू इतका खाली जात नाही. महाधमनीला फुगवटा आला की वळशाजवळ हा तंतू दाबला जातो आणि आवाज बसतो.

दुसरे कारण हृदयाच्या झडपेचे. व्हिएन्नाचे डॉ. नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ साली ते नोंदवले. मायट्रल झडप अरुंद झाली की रक्त तुंबून हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा होतो, फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी फुगते आणि ती व महाधमनी यांच्यामध्ये हा तंतू चेंगरतो. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापानंतर झडप अशी बिघडू शकते. आपल्याकडे हा आजार अजून आहे आणि त्यात स्त्रिया अधिक. पाण्याचा हंडा उचलताना लागणारी धाप घरात ‘अशक्तपणा’ म्हणून खपून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

अर्थात ही कारणे विरळा. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांत स्वरयंत्राचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग आधी वगळावा लागतो. छातीचा एक्स-रे, इको आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन यांतून उलगडा होतो. झडपेवर वेळीच उपचार झाले, तर काहींचा आवाजही परत येतो. तंतू फार काळ दबून राहिला, तर मात्र खात्री देता येत नाही.

डॉक्टरांना धाप, धडधड, रक्तदाब, लहानपणचा सांधेदुखीचा ताप हे सारे न विचारताही सांगा. आवाज बसण्याबरोबर छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर रात्र असली तरी थेट मोठे रुग्णालय गाठा.